पाठिंबा द्यावा, पण फुकट नव्हे

दूरचित्रवाणीवरची एखादी विज्ञानकथा-मालिका अर्ध्यावर बंद पडली की तिचे चाहते आधी संतापतात, मग संघटित होतात आणि शेवटी ठरल्यासारखी एकच मागणी पुढे करतात: मालिका नाही तर नाही, निदान तिच्यावर एक चित्रपट काढा. गेल्या पन्नास-साठ वर्षांत ही मागणी इतक्यांदा झाली, आणि त्यातल्या मोजक्या वेळा ती इतक्या गाजावाजाने मान्य झाली, की चाहत्यांच्या लेखी आता चित्रपट निघणे म्हणजेच जिंकणे आणि न निघणे म्हणजे हरणे असे समीकरण होऊन बसले आहे. माझे म्हणणे असे की हा पाठिंबा मुळात रास्त आहे आणि त्याची टिंगल करणाऱ्यांना तो समजलेला नाही. परंतु चाहते तो चुकीच्या गोष्टीसाठी आणि कोणतीही अट न घालता देतात, आणि त्यामुळे कथेचे हक्क ज्यांच्या हाती आहेत त्या कंपन्यांनाच त्याचा सर्वाधिक लाभ होतो.

विज्ञानकथेच्याच वाट्याला हे वारंवार का येते, याची कारणे गूढ नाहीत. अवकाशयानाचा सेट, परग्रहावरची वस्ती, दृश्य-परिणाम आणि वेशभूषा यांवर होणारा खर्च पोलीस ठाण्यात किंवा रुग्णालयात घडणाऱ्या मालिकेच्या कितीतरी पुढे जातो, त्यामुळे जेवढ्या प्रेक्षकसंख्येवर दुसरी मालिका सुखाने वर्षानुवर्षे चालते तेवढीच संख्या हिला अपुरी पडते. त्यातच अशा मालिकेचे जग प्रेक्षकाला शिकावे लागते. कोणते युद्ध कोण हरले, कोणत्या ग्रहावर कोणाची सत्ता आहे, कोण कोणाशी का बोलत नाही, हे अंगवळणी पडायला दहाबारा भाग जातात. ज्यांनी ते कष्ट घेतले त्यांची ओढ घट्ट होते आणि जे उशिरा आले ते दारातूनच परत फिरतात. अशा रीतीने थोडा पण अतिशय निष्ठावंत प्रेक्षकवर्ग तयार होतो, आणि जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीच्या मोजपट्टीत निष्ठेसाठी रकानाच नसतो.

‘फायरफ्लाय’ हे या प्रकाराचे सर्वांत अधिक चर्चिलेले उदाहरण आहे आणि त्याचा तपशील पाहण्यासारखा आहे. जॉस व्हेडन यांची ही मालिका फॉक्स वाहिनीने सप्टेंबर २००२ मध्ये सुरू केली. यादवी युद्धात हरलेल्या बाजूचा एक माजी सैनिक जुनाट मालवाहू यान घेऊन मिळेल ते काम करत ग्रहामागून ग्रह हिंडतो, आणि त्याच्याबरोबर आठ जण आहेत, एवढीच तिची मांडणी. या नऊ जणांची ओळख करून देणारा दोन तासांचा पहिला भाग वाहिनीला संथ वाटला, म्हणून आधी आगगाडी लुटण्याचा भाग दाखवण्यात आला. पुढचे भागही क्रमाने दाखवले नाहीत. वेळ शुक्रवार रात्रीची, जेव्हा मालिकेचा नेमका प्रेक्षक घराबाहेर असतो. आणि मध्येच बेसबॉलच्या सामन्यांसाठी खंड. तयार झालेल्या १४ भागांपैकी ११ दाखवून डिसेंबरमध्ये मालिका बंद झाली, आणि ओळखीचा पहिला भाग प्रक्षेपित झाला तो सर्वांत शेवटी, २० डिसेंबरला. मालिका बंद पाडण्याचे प्रशिक्षण द्यायचे झाले तर एवढा नमुना पुरेसा आहे.

चाहत्यांनी वर्गणी काढून चित्रपट व्यवसायातल्या ‘व्हरायटी’ या नियतकालिकात जाहिरात दिली, पत्रे लिहिली, आणि डिसेंबर २००३ मध्ये डीव्हीडी संच बाजारात आला तेव्हा तो स्वतः घेऊन वर इतरांनाही घ्यायला लावला. त्या विक्रीचा उपयोग झाला. युनिव्हर्सल स्टुडिओने चित्रपटाला होकार दिला आणि सप्टेंबर २००५ च्या अखेरीस ‘सेरेनिटी’ प्रदर्शित झाला. त्याआधी काही महिने अमेरिकेतल्या निवडक शहरांत, चित्रपट पूर्ण तयार नसताना, खास खेळ ठेवण्यात आले होते आणि त्यांची तिकिटे हातोहात संपली होती. रद्द झालेल्या मालिकेच्या चाहत्यांनी मोठ्या स्टुडिओकडून चित्रपट मिळवला, ही घटना खरोखरच विरळा होती आणि तिचे कौतुक होणे स्वाभाविक होते.

आता आकडे पाहू. चित्रपटाचा खर्च सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर. जगभरची तिकीटविक्री सुमारे ४ कोटी, त्यातली अमेरिकेतली अडीच कोटींच्या आसपास. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा चित्रपटगृहांकडे राहतो आणि प्रसिद्धीचा खर्च वेगळा असतो, हे लक्षात घेतले तर चित्रपटगृहांपुरता हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरला. पण मला त्याहून बोलका वाटतो तो एक साधा भागाकार. त्या वर्षी अमेरिकेत तिकिटाचा सरासरी दर ६ डॉलर ४० सेंटच्या जवळ होता. म्हणजे तिथे साधारण ४० लाख तिकिटे विकली गेली. मालिका चालू असताना तिला आठवड्याला सरासरी ४७ लाख प्रेक्षक होते, आणि ते कमी आहेत म्हणूनच ती बंद झाली होती. कित्येक चाहत्यांनी चित्रपट दोनदोन-तीनतीनदा पाहिला, त्यामुळे प्रत्यक्ष माणसे चाळीस लाखांहूनही कमीच असणार. तीन वर्षांची मोहीम, जाहिराती, खास खेळ, एवढे होऊनही मूळ प्रेक्षकवर्गाचा पल्ला ओलांडला गेला नाही. सोप्या परीक्षेत गुण कमी पडले म्हणून त्याच विद्यार्थ्याला त्याहून अवघड परीक्षेला बसवावे आणि तो नापास झाल्यावर हळहळावे, तसा हा प्रकार झाला. चाहत्यांची ताकद ओढीत असते. चित्रपटाला लागते ती गर्दी, आणि तीही पहिल्याच शनिवार-रविवारी.

चित्रपटाची मागणी करताना आपण काय गमावतो आहोत, याचा विचार तर त्याहूनही कमी केला जातो. ‘सेरेनिटी’च्या सुरुवातीला एक लांबलचक, सलग भासणारे दृश्य आहे. यानाचा एखादा भाग हवेत निखळून पडल्यावरून कप्तान वैमानिकाशी हुज्जत घालतो, तिथून मागे वळतो, तर एक जण हातबॉम्ब बरोबर घेऊ द्या म्हणून अडून बसलेला. पुढे यंत्रघरातल्या मुलीला दटावणी, मग डॉक्टरशी बहिणीला कामगिरीवर नेण्यावरून तंटा, आणि खाली मालाच्या दालनात ती बहीण जमिनीवर निवांत पहुडलेली. कौशल्याच्या दृष्टीने हे दृश्य वाखाणण्याजोगे आहे. परंतु ते कोणासाठी आहे? ज्यांनी मालिका पाहिली त्यांना यातली एकही ओळख करून घ्यायची नव्हती. ते नवख्या प्रेक्षकासाठी आहे, कारण नवखा प्रेक्षक आल्याशिवाय चित्रपटाचा खर्च निघत नाही. शिवाय एवढी माणसे एका फेरीत मावावीत म्हणून नवांपैकी दोघे चित्रपट सुरू होताना यानावर नसतातच. ते दुसरीकडे राहायला गेले आहेत. पुढे नवांपैकी दोघे मारले जातात, आणि त्यातल्या एकाचा, एका धर्मोपदेशकाचा, पूर्वेतिहास मालिकेने मोठ्या चतुराईने झाकून ठेवला होता, तो चित्रपटातही झाकलेलाच राहतो. तो उलगडला २०१० मध्ये, एका कॉमिक पुस्तकात.

याच्या जोडीला मालिकेतला ‘आउट ऑफ गॅस’ हा भाग ठेवून पाहावा. यंत्राचा एक भाग मोडतो, श्वासाची हवा संपत येते, कप्तान बाकीच्यांना छोट्या यानांतून रवाना करतो आणि स्वतः जखमी अवस्थेत एकटा मागे राहतो. तो फरफटत यंत्रघराकडे जात असताना मधूनमधून जुने प्रसंग येतात: कोण या यानावर कसे आले, कोणाला कोणी कसे पटवले. अखेरच्या प्रसंगात जुन्या यानांचा विक्रेता त्याच्यापुढे एका यानाचे गुणगान करतो आहे आणि कप्तानाची नजर मात्र विक्रेत्याला ओलांडून पलीकडे उभ्या असलेल्या, कोणी न विचारलेल्या यानावर खिळली आहे. या भागात विश्वावर कसलेही संकट येत नाही, कोणतेही कारस्थान उघड होत नाही. चाहते ज्या गोष्टीच्या आठवणीने व्याकूळ होतात ती बहुतेक वेळा अशीच असते, आणि कोट्यवधी डॉलर खर्चून काढलेल्या दोन तासांच्या चित्रपटाला नेमकी तीच परवडत नाही. ‘सेरेनिटी’ वाईट चित्रपट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. त्याने मुख्य धाग्याची गाठ नीट बांधली. पण मालिका परत मिळाली या भावनेने त्याचे स्वागत झाले, आणि ती काही परत मिळाली नव्हती.

यावर ‘स्टार ट्रेक’चे नाव पुढे केले जाणार हे उघड आहे. चाहत्यांच्या पत्रमोहिमांचा सगळा पुराणकाल तिथूनच सुरू होतो. एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झालेली ही मालिका दुसऱ्या पर्वानंतर गुंडाळली जाणार अशी कुणकुण लागल्यावर बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभारली, वाहिनीकडे एक लाखाहून अधिक पत्रे आली, आणि १ मार्च १९६८ रोजी वाहिनीने मालिका चालू राहणार असल्याचे प्रक्षेपणातच जाहीर केले. पुढे १९७९ मध्ये चित्रपट आला, त्याने सुमारे १३ कोटी ९० लाख डॉलरची तिकीटविक्री केली आणि चित्रपटांची रांगच लागली. पत्रे लिहिली, मालिका वाचली, चित्रपट निघाला, अशी ही गोष्ट सांगितली जाते.

प्रत्यक्षात मधल्या दहा वर्षांत जे घडले त्यात पत्रांचा थेट वाटा फार थोडा आहे. मालिकेला तिसरे पर्व मिळाले ते कमी पैशात आणि शुक्रवारी रात्री दहाच्या वेळेला. ते सर्वांत दुबळे पर्व आहे हे कट्टर चाहतेही मान्य करतात, आणि १९६९ मध्ये मालिका बंद पडलीच. परंतु त्या पर्वामुळे भागांची संख्या ७९ झाली, आणि स्थानिक वाहिन्यांना रोजच्या रोज पुनःप्रक्षेपण करण्याजोगा साठा हाती आला. त्या पुनःप्रक्षेपणांनी ‘स्टार ट्रेक’चा खरा प्रेक्षकवर्ग घडवला. मूळ प्रक्षेपण चालू असताना ज्यांनी ती पाहिली नव्हती अशी मुले शाळेतून आल्यावर ती पाहू लागली, आणि १९७२ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या पहिल्या मोठ्या संमेलनाला आयोजकांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक लोटले. चित्रपटाचे म्हणाल तर पॅरामाउंट ही स्टुडिओ कंपनी आधी नव्या मालिकेची तयारी करत होती; १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ने तिकीटबारी दणाणून सोडली, आणि मग त्या तयारीचे रूपांतर सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलरच्या चित्रपटात झाले. म्हणजे पत्रांनी जे मागितले होते ते मिळाले नाही, मिळाले ते निकृष्ट पर्व. आणि त्या निकृष्ट पर्वातून जे साधले ते कोणी मागितलेच नव्हते. लोकांना मालिका पाहायला मिळत राहिली, वर्षानुवर्षे, फारसे काही न मोजता. मला हा धडा चित्रपटाच्या धड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

जपानमध्ये हाच प्रश्न अधिक काटकसरीने सुटलेला दिसतो. ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ या १९७४ च्या ॲनिमेशन मालिकेचे नियोजित ३९ भाग प्रेक्षकसंख्येअभावी २६ वर आणले गेले. ‘मोबाइल सूट गंडम’ १९८० मध्ये ५२ ऐवजी ४३ भागांवर थांबवावी लागली. दोन्हींचे चित्रपट निघाले आणि तुफान चालले, परंतु ते मुख्यतः मालिकेतल्याच चित्रणाची पुन्हा जुळणी करून काढलेले होते. नवखा प्रेक्षक आणि जुना प्रेक्षक दोघांनाही मूळ वस्तूच दाखवली गेली, खर्च बेताचा राहिला, आणि गंडमच्या बाबतीत तर प्लॅस्टिकच्या जोडणी-प्रतिकृतींच्या विक्रीने बाकीचे काम केले. ॲनिमेशनमध्ये हे सोपे जाते, हे खरे. तरी चित्रपट म्हणजे नवी, अधिक मोठी, अधिक महाग गोष्ट असे गृहीत धरण्याची गरज नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

आता कष्टांकडे वळू, कारण फुकटेपणाचा प्रश्न तिथे आहे. ‘सेरेनिटी’च्या प्रसिद्धीसाठी चाहत्यांनी भित्तिपत्रके लावली, इंटरनेटवर फलक फिरवले, ओळखीच्यांना धरूनधरून चित्रपटगृहात नेले, आणि स्टुडिओने या उत्साहाला रीतसर प्रोत्साहन दिले. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, चित्रपटावर आधारित चित्रे असलेले टीशर्ट आणि किरकोळ वस्तू विकणाऱ्या चाहत्यांना स्टुडिओच्या वकिलांकडून परवाना-शुल्काच्या मागण्या येऊ लागल्या. चिडलेल्या चाहत्यांनी प्रत्येकाने प्रसिद्धीसाठी किती तास घालवले याची नोंद गोळा केली. बेरीज २८,००० तासांवर गेली, आणि त्यांनी स्टुडिओच्या नावे वीस लाख डॉलरहून अधिक रकमेचे बिल तयार केले. ते कधी चुकते होणार नाही हे बिल करणाऱ्यांनाही ठाऊक होते. पण चाहत्यांच्या चळवळीच्या इतिहासात इतका मुद्देसूद दस्तऐवज मला दुसरा माहीत नाही. प्रेमाने केलेल्या कामाला बाजारात किंमत असते, आणि ती किंमत कोणीतरी वसूल करतच असतो, हे त्यांनी बेरीज करून दाखवले.

२०१३ मध्ये हीच गोष्ट एका विणलेल्या टोपीवरून पुन्हा घडली. मालिकेतल्या एका राकट भाडोत्री पात्राला त्याची आई पिवळ्या, नारिंगी आणि लाल लोकरीची, कानांवर झापडी येणारी टोपी विणून पाठवते, आणि तो ती अभिमानाने घालून हिंडतो. चाहते दहा वर्षे ही टोपी घरी विणून एकमेकांना देत आणि थोडीफार विकत होते. एका व्यापारी कंपनीला अधिकृत परवाना मिळाला, आणि फॉक्सच्या वतीने या घरगुती विक्रेत्यांना विक्री थांबवण्याच्या नोटिसा गेल्या. कायदा कंपनीच्या बाजूने होता, यात वाद नाही. परंतु दहा वर्षांनंतरही त्या टोपीला गिऱ्हाईक होते, ते कोणामुळे?

लोकवर्गणीच्या पद्धतीने हा प्रश्न अधिक उघडा पाडला. ‘व्हेरॉनिका मार्स’ ही विज्ञानकथा नव्हे, गुप्तहेर मालिका. पण तिचे उदाहरण टाळता येत नाही. मार्च २०१३ मध्ये तिच्या निर्मात्याने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर २० लाख डॉलर मागितले. ते बारा तासांच्या आत जमले, आणि अखेरीस ९१ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ५७ लाख डॉलर दिले. चित्रपटाची मालकी वॉर्नर ब्रदर्सकडे होती आणि तशीच राहिली. पैसे देणाऱ्यांना टीशर्ट, पटकथेची प्रत आणि डिजिटल प्रत मिळाली. ती प्रत ज्या सेवेतून उतरवून घ्यायची होती तिच्यात इतक्या अडचणी आल्या, की ज्यांनी वैतागून तोच चित्रपट दुसरीकडे विकत घेतला त्यांना स्टुडिओला पैसे परत करावे लागले. त्या वेळी सामान्य माणसाला अशा प्रकल्पात लोकवर्गणीतून भागीदार होण्याची सोय अमेरिकी नियमांत नव्हती, हे खरे आहे. ती मे २०१६ मध्ये झाली. तरीही एखाद्या बड्या स्टुडिओच्या मालमत्तेची जोखीम नव्वद हजार लोकांनी उचलावी आणि बदल्यात टीशर्ट घ्यावा, हा व्यवहार चाहत्यांच्या विजयाचे प्रतीक म्हणून का मिरवला जातो, हे मला कधीच पटलेले नाही.

आणि चाहत्यांनी स्वतःच चित्रपट काढायचा ठरवला तर? ‘ॲक्सनार’ या स्टार ट्रेकवरील चाहता-चित्रपटासाठी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली, तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये सीबीएस आणि पॅरामाउंट न्यायालयात गेले. एवढा पैसा आणि व्यावसायिक कलावंत गुंतल्यावर त्याला निव्वळ हौस म्हणणे कठीण होते, आणि मालकांनी हरकत घेतली यात मला अन्याय दिसत नाही. मला खटकतात ते त्यानंतर जून २०१६ मध्ये जाहीर झालेले सरसकट नियम: एक कथा पंधरा मिनिटांची, फार तर दोन भागांत मिळून तीस मिनिटांची, आणि वर्गणीची कमाल मर्यादा ५०,००० डॉलर. दशकानुदशके ज्या हौशी निर्मितीकडे काणाडोळा केला गेला, किंबहुना जिने पडत्या काळात मालिकेचे नाव जागते ठेवले, तिला एका प्रकरणामुळे पंधरा मिनिटांच्या चौकटीत बसवण्यात आले.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की कोणी जबरदस्ती केली होती का? चाहते आनंदासाठी हे करतात. आनंदाचा मोबदला आनंद. प्रेमाचे बिल करणे हेच मुळी अशोभनीय आहे. आक्षेप अगदीच पोकळ नाही. मोहिमेतून माणसांना मैत्री मिळते, कौशल्ये मिळतात, काहींना पुढे व्यवसायही मिळतो. आणि ‘सेरेनिटी’चे चाहते २००६ पासून वर्षानुवर्षे चित्रपटाचे खेळ लावून समाजकार्यासाठी निधी जमवत आले आहेत, त्याचे श्रेय कोणत्याही हिशेबात मावत नाही. परंतु प्रेमाचा हिशेब नको हे तत्त्व दोन्ही बाजूंनी पाळले जात असेल तरच ते तत्त्व. एक बाजू तास मोजत नाही आणि दुसरी बाजू टोप्या मोजते, तिथे न मोजणाऱ्याने मोजायला शिकणे एवढाच उपाय उरतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. अटी घालायला लागलेला चाहता हळूहळू मालक बनू पाहतो. कोणते पात्र मरावे, कोणाचे कोणाशी जुळावे, यावर तो हक्क सांगू लागतो आणि लेखकाचे जिणे नकोसे करतो. ही भीती खरी आहे, तिची उदाहरणे सर्वांना माहीत आहेत, आणि म्हणूनच अटींचे क्षेत्र आखून घेणे आवश्यक आहे. कथेत काय घडावे याविषयी चाहत्याला मत असावे, अधिकार नसावा. ‘सेरेनिटी’त जे दोघे मेले ते मारण्याचा लेखकाला पूर्ण हक्क होता. चाहत्याने अट घालावी ती कथेच्या सांभाळाविषयी: ती पाहायला मिळेल की नाही, तिचा शेवट होईल की नाही, आणि तिच्याभोवती हौसेने काही केले तर नोटीस येईल की नाही.

यांतला पाहायला मिळण्याचा मुद्दा आज अचानक तातडीचा झाला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘वेस्टवर्ल्ड’ बंद झाल्यावर पुढच्याच महिन्यात एचबीओने तिचे झालेले भागही आपल्या स्ट्रीमिंग सेवेवरून काढून टाकण्याचे जाहीर केले. जून २०२३ मध्ये पॅरामाउंटने ‘स्टार ट्रेक: प्रॉडिजी’ रद्द केली आणि दाखवलेले पर्वही हटवले, दुसऱ्या पर्वाचे काम चालू असताना हे घडले. चाहत्यांनी या वेळी चित्रपट मागितला नाही. मालिका कोणीतरी कुठेतरी दाखवावी, एवढीच मागणी त्यांनी लावून धरली, आणि २०२४ च्या जुलैत नेटफ्लिक्सवर दुसरे पर्व आले. १९६९ नंतर ‘स्टार ट्रेक’ जगली ती पुनःप्रक्षेपणांमुळे. आता काढून टाकलेल्या मालिकेला ती सोयही नाही.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेचा इतिहास याबाबत डोळे उघडणारा आहे. बीबीसीने १९६० आणि ७० च्या दशकांत जुन्या चित्रफिती पुसल्या वा नष्ट केल्या, आणि त्यामुळे सुरुवातीच्या काळातले अनेक भाग नाहीसे झाले. मात्र त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण घरोघरी काही मुले प्रक्षेपण चालू असताना दूरचित्रवाणी संचाशेजारी टेपरेकॉर्डर लावून बसत. १९८९ मध्ये मालिका थांबली. १९९६ मध्ये अमेरिकी भागीदारीत एक दूरचित्रवाणी-चित्रपट निघाला, त्यातून नवी मालिका उभी राहील अशी आशा होती, ती अमेरिकेतल्या थंड प्रतिसादामुळे विरली. जे चित्रपटाला जमले नाही ते कादंबऱ्यांनी, ध्वनिनाट्यांनी आणि संग्राहकांनी सोळा वर्षे धुगधुगते ठेवले, आणि २००५ मध्ये मालिका परत आली ती लहानपणापासून तिचा चाहता असलेल्या रसेल टी. डेव्हिस यांच्या हातून.

शेवट होण्याचा मुद्दा चित्रपटाशी थेट जुळतो, आणि इथे मी चित्रपटाच्या बाजूने आहे. मालिका पुन्हा सुरू व्हावी म्हणून काढलेला चित्रपट आणि ती संपावी म्हणून काढलेला चित्रपट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाहत्यांनी दुसऱ्या प्रकाराचा आग्रह धरावा. ‘फारस्केप’च्या चौथ्या पर्वाचा शेवट नायक-नायिकेचे अक्षरशः तुकडे होण्यावर झाला होता, चाहत्यांच्या रेट्यानंतर २००४ मध्ये दोन भागांची छोटी मालिका आली आणि युद्ध संपवून कथा मिटली. ‘सेन्स८’ नेटफ्लिक्सने जून २०१७ मध्ये रद्द केली, त्याच महिन्यात दोन तासांच्या समारोपाची घोषणा केली आणि पुढच्या जूनमध्ये तो दाखवला. त्यात आधीचे माहीत नसलेल्यांना काही समजावून सांगण्याची गरज नव्हती, कारण त्यांच्या तिकिटावर काहीच अवलंबून नव्हते. चाहत्यांची संख्या जेवढी आहे तेवढ्यातच बसणारा हा चित्रपट असतो. एकेका पर्वावर प्रचंड पैसा ओतणाऱ्या स्ट्रीमिंग कंपन्यांना मालिका रद्द करतानाच असा समारोप देणे अशक्य नाही. तशी प्रथा पडलेली नाही, कारण ती कोणी नेटाने मागितलेली नाही.

नेटाने मागण्यासाठी वेळ साधावी लागते. मालिका रद्द झाल्यावर कंपनीला चाहत्यांची गरज नसते, आणि चित्रपट प्रदर्शित होऊन पहिला आठवडा उलटला की पुन्हा नसते. तिला त्यांची निकड असते ती मधल्या काही महिन्यांत: घोषणा झालेली, प्रसिद्धीचा पैसा तुटपुंजा, आणि तोंडोतोंडी होणाऱ्या जाहिरातीवर सारी भिस्त. ‘सेरेनिटी’च्या बाबतीत ते महिने म्हणजे २००५ चा उन्हाळा होता. खास खेळांची तिकिटे संपत होती, चाहते रात्री जागून फलक तयार करत होते, आणि हौशी वस्तूंविषयी लेखी परवानगी द्या, मालिकेचे सर्व भाग उपलब्ध ठेवण्याची हमी द्या, असे तेव्हा संघटितपणे म्हटले असते तर स्टुडिओला ऐकून घेणे भाग होते. चाहत्यांनी बिल तयार केले ते वर्षभरानंतर, त्यांच्या तासांची कोणाला गरज उरली नव्हती तेव्हा.